विहिरीत पावडर किती, मीटरवर विश्वास किती

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पिण्याच्या पाण्यावर दोन ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून मेसेज थांबायला तयार नाहीत, कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत सगळीकडून. पावसाळा तोंडावर आला की हे होतंच म्हणा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न सारखे सारखे आलेत ते घेतोय. माझी नोकरीतली सगळी वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुण्यात आणि नमुने तपासण्यात गेली, त्यामुळं जे हातानं केलंय तेवढंच सांगतो. आणि एक आधीच सांगून टाकतो, म्हंजे निम्मे प्रश्न तिथंच मिटतील. पाणी खराब म्हणताना खराब म्हंजे जंतू का क्षार हे पहिलं ठरवा, कारण जंतूवरचं औषध क्षाराला लागू पडत नाही आणि क्षारावरचं जंतूला. लोकांचे पैसे आणि मेहनत जी वाया जाते ती ह्या एका घोळात जाते.

प्रश्न: काका नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. मी स्त्री शक्ती संघात आहे, पंचायतीनं आम्हा पाच बायकांना पाणी तपासायचं किट देऊन ट्रेनिंग दिलंय. गावात नळ आलेत पण देवळाजवळच्या विहिरीचं पाणी गोड म्हणून निम्मा गाव अजून तेच पितोय. पाणी एवढं नितळ की तळाला पडलेली कळशी दिसते. ते पाणी किटमधल्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काळं झालं. मी सांगायला गेले तर म्हातारी माणसं म्हणतात आमचा आजा ह्याच पाण्यावर ८५ वर्षं जगला, तुझी बाटलीच खराब असेल. मग वॉटरमननं किलोभर ब्लीचिंग पावडर तशीच विहिरीत ओतली, दोन दिवस असला वास की जनावरं तोंड लावेनात, आणि आता सगळे माझ्यावर चिडलेत. माझं चुकलं काय? आणि पावडर नेमकी किती टाकायची?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. आजा ८५ वर्षं जगला हे खरंच असेल, पण त्याच्या पाठची किती भावंडं हगवणीनं पाळण्यातच गेली ते कुणी मोजत नाही, आणि आज्याच्या काळात विहिरीपासून दहा पावलांवर संडासचा खड्डा पण नव्हता.

तुमची ती काळी होणारी बाटली म्हंजे एच टू एस टेस्ट. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ही शोधली, खेड्यात लॅब नाही वीज नाही तिथं चालावी म्हणून, आणि आज जगभर वापरतात. माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यातले जंतू पाण्यात असले की त्यांच्यातले काही हायड्रोजन सल्फाईड (एच टू एस) नावाचा वायू तयार करतात, त्यानं बाटलीतलं औषध काळं पडतं. सरळ मराठीत सांगायचं तर विहिरीत कुठून तरी शेण किंवा माणसाची घाण उतरतेय. किती जंतू आणि कुठले हे ती बाटली सांगत नाही, त्याला लॅबच पाहिजे. आणि बाटली ठेवायची ऊबेला, ३० ते ३७ डिग्रीत, २४ ते ४८ तास. तुमच्याकडं पावसात जो गारठा असतो त्यात बाटली खिडकीत ठेवली तर जंतू असून पण ती काळी होणार नाही आणि सगळे खूश होतील. चुलीपासून हातभर लांब, हाताला कोमट लागेल अशा जागी ठेवा.

आता म्हाताऱ्यांचं, बाटलीच खराब म्हणणाऱ्यांचं. ह्याच्यावर भांडू नका, दोन बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तेच पाणी खळाखळा उकळून झाकून गार केलेलं. भरताना हात साबणानं धुतलेले पाहिजेत आणि बाटलीच्या तोंडाला, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. दोन्ही बाटल्यांवर खूण करून जो सगळ्यात जास्त बोलतोय त्याच्याच घरात ठेवा. दुसऱ्या दिवशी एक काळी आणि एक होती तशीच निघाली तर बाटली खराब नव्हती हे त्यांचं त्यांनाच कळतंय. मी हे एकदा एका देवळाच्या पायरीवर केलेलं, नंतर त्याच म्हाताऱ्यानं विहिरीचा कठडा बांधायला चिरे दिले.

पाणी नितळ दिसलं तरी ते गाळून आलेलं नसतं, त्याचं कारण जांभा. तुमच्याकडं सगळा जांभा, त्याला भोकं आणि चिरा, वर पडलेलं पाणी मातीतनं झिरपत गाळून खाली जायला पाहिजे ते चिरेतनं सरळ विहिरीत उतरतं. पुस्तकात विहीर आणि संडासचा खड्डा ह्यात १५ मीटर अंतर सांगतात, जांभ्यात मी त्याहून जास्त ठेवीन आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला घ्या म्हणून सांगीन.

पावडरीचा हिशोब आता. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, पाण्याची खोली दोरीला दगड बांधून मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, आणि आलेल्याला १००० नी गुणा, म्हंजे लिटर निघतील. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर. ३ गुणिले ३ म्हंजे ९, गुणिले ४ म्हंजे ३६, ३.१४ नी गुणलं की ११३, भागिले ४ म्हंजे २८ आणि थोडं वर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, ३३ टक्के क्लोरीनवाली. झाली किती? ७० ग्रॅम. चहाच्या दोन-तीन वाट्या भरतील एवढी नाही, मूठभर! तुमच्या वॉटरमननं टाकली किलोभर, म्हंजे चौदापट. जनावरं तोंड लावणार कशी.

पण हे ७० ग्रॅम झालं ताज्या पावडरीचं. पंचायतीत पोतं तोंड उघडं टाकून कोपऱ्यात ओलीला पडलेलं असलं की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागं उरतो चुना. झाकण उघडल्यावर नाकात झोंबली नाही ती पावडर विहिरीत टाकून काही उपयोग नाही, गवंड्याला द्या. पावडर हवाबंद डब्यात, सावलीत, कोरड्या जागी ठेवायची.

टाकायची पद्धत पण सांगतो कारण चूक तिथंच होते. पावडर कधीही कोरडी विहिरीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी पातळ पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घाला, ढवळा, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसेल. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घ्या आणि खालचा चुना लांब टाकून द्या, तो विहिरीत गेला की पाणी उगीच जड होतं. निवळाची बादली दोरीनं पाण्याखाली सोडायची आणि खालीवर खालीवर करत हिसके द्यायचे म्हंजे सगळीकडं मिसळेल. हे रात्री पाणी भरून झाल्यावर करा, सकाळपर्यंत विहीर निवांत. निदान एक तास तरी कुणी कळशी बुडवायची नाही. तासानं किटमधली क्लोरीनची टेस्ट करा, लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास दिसला पाहिजे. जुन्या ओटी किटमध्ये पिवळा रंग येतो, नव्या डीपीडीत गुलाबी. रंगच आला नाही तर समजा सगळा क्लोरीन घाणीनंच खाल्ला, डोस थोडा वाढवून परत टाका.

आणि ही एकदा करून सोडायची गोष्ट नाही. उघड्या विहिरीत आज टाकलेला क्लोरीन उद्या-परवा नसतो, पावसाचे दिवस असेपर्यंत रोज टेस्ट करायची आणि कमी दिसला की टाकायचा. घरगुती लहान आड असेल, साधारण ४५०० लिटरचा, तर नागपूरच्या नीरी संस्थेनं काढलेली डबल मडक्याची युक्ती आहे. आतल्या मडक्यात किलोभर पावडर आणि दोन किलो जाड ओली वाळू मिसळून घालायची, ते भोकाच्या दुसऱ्या मोठ्या मडक्यात बसवून पाण्यात टांगून ठेवायचं, दोन-तीन आठवडे हळूहळू क्लोरीन सुटत राहतो. सार्वजनिक विहिरीला हे पुरत नाही.

एवढं सगळं करून पण प्रत्येक बाई आपापली दोरी आणि कळशी घेऊन आली, ती अंगणात ठेवलेली, तिला शेण लागलेलं, तर काय उपयोग. विहिरीला एकच रहाट, एकच दोरी, एकच बादली ठेवा. कठडा ओट्यापासून ७०-७५ सेंटीमीटर उंच आणि भोवती निदान मीटरभर सिमेंटचा ओटा, त्याला लांब जाणारी गटार. कपडे धुणं आणि म्हशी धुणं तिथून हलवा. हे सगळ्यात अवघड काम आहे मला माहीत आहे, पावडरीपेक्षा अवघड.

प्रश्न: आमच्या बोअरचं पाणी काढलं की स्वच्छ, तासाभरानं हंडीत तांबूस होतंय आणि चहा काळा पडतो. गावात म्हणतात कुणीतरी काहीतरी केलंय. (खानापूर तालुका)

उत्तर: कुणी काही केलेलं नाही हो, लोखंड आहे. जांभ्याच्या भागातल्या बोअरमध्ये हे होतं, जमिनीखाली विरघळलेलं लोखंड हवा लागली की गंजून तांबडं होतं आणि चहातल्या टॅनिनशी त्याचं जमलं की काळं. हंडी रात्रभर झाकून ठेवा, सकाळी न हलवता वरचं पाणी दुसऱ्या हंडीत काढा, किंवा उंचावरनं धार धरून एका भांड्यातनं दुसऱ्यात ओता म्हंजे हवा मिसळेल, मग जाड फडक्यातनं गाळा. मानक लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंतचं आहे. त्यानं आजार होत नाही फारसा, पण कपडे आणि संडासचं भांडं दोन्ही पिवळं होणार.

प्रश्न: सर, मी अथणी तालुक्यातला, ऊस शेती आहे. ऑनलाईन टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर घेतला. घरच्या बोअरला १४०० दाखवतोय, गावातल्या आरओ प्लांटच्या कॅनला ३५. म्हणून आम्ही पाच रुपयाचा कॉईन टाकून तेच पाणी पितोय, स्वयंपाकाला मात्र बोअर. तरी धाकट्या मुलाच्या दातांवर तपकिरी पट्टे आलेत, ब्रश करून जाईनात. बोअरचं पाणी उकळून घेतलं तर चालेल काय?

उत्तर: नाही, दादा, उकळू नका, आणि का ते नीट वाचा.

आधी मीटरचं. तो मीटर पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरनं क्षाराचा अंदाज बांधतो, बस्स. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवा, मीटर हजाराच्या आसपास जाईल आणि ते पाणी तुम्ही पिलात तर काही होणार नाही. त्याच शेजारी दुसऱ्या भांड्यात स्वच्छ पाण्यात गटारीचा एक थेंब टाका, मीटर हलणार पण नाही. जंतू त्याला दिसत नाहीत. फ्लोराईड किती, नायट्रेट किती हे पण तो वेगळं करून सांगत नाही. भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. म्हंजे तुमचे १४०० ऐकून घाबरायचं कारण नाही, पण त्या १४०० मध्ये काय काय आहे ते लॅबमधून काढून घेतल्याशिवाय गप्प पण बसायचं नाही.

मुलाच्या दाताचं वर्णन फ्लोराईडचं वाटतंय, पण ते दाताच्या डॉक्टरला दाखवून खात्री करा, पट्ट्यांची दुसरी कारणं पण असतात. फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत बरं, दुसरी सोय नसेल तर १.५ च्या वर अजिबात नको. हे कुठल्या कारखान्यातनं आलेलं नसतं, खडकातच असतं, आणि बोअर जेवढी खोल तेवढं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं. ऊसाला पाणी उपसून उपसून आपण ३०० फुटावरनं ८०० फुटावर गेलो, आता तिथलं पाणी पितोय. दात हिरडीत तयार होत असताना, साधारण आठ वर्षाच्या आत, फ्लोराईड जास्त गेलं की पट्टे पडतात आणि ते परत जात नाहीत. मोठ्या माणसाला बऱ्याच वर्षांनी गुडघे, कंबर, मान आखडायला लागते, आणि आपण वय झालं म्हणतो.

उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराईड, नायट्रेट, क्षार जागच्या जागी राहतात आणि पाण्याची वाफ होऊन गेलेली असते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण उलट वाढलं. आणि तुमची मुख्य चूक स्वयंपाकात आहे. आमटी, भात, चहा, ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळायला, सगळं बोअरचं. भातात आणि आमटीत पण बरंच पाणी जातं. आरओनं फ्लोराईड निघतं, मेम्ब्रेन, म्हंजे त्यातला गाळणारा पडदा, चांगलं असेल तर, मग त्याचंच पाणी स्वयंपाकाला पण घ्या, निदान पोरांच्या जेवणाला तरी. तुरटीचा खडा फिरवून फ्लोराईड जात नाही. तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत आहे खरी, पण तिला माप आणि रोजची निगराणी लागते, घरात अंदाजानं करायची नाही.

ऊसवाल्यांना नायट्रेटचं पण सांगायला पाहिजे. एवढा युरिया घालतो, पाट सोडतो, तो सगळा पिकाला थोडाच लागतो, उरलेला खाली. ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको आणि ह्याच्यात मानक सवलत देत नाही. सहा महिन्याच्या आतल्या बाळाला असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं तर रक्त ऑक्सिजन वाहायचं कमी करतं, ओठ-नखं निळी पडतात. आईचं दूध चालू असेल तर प्रश्नच नाही.

आता प्लांटवाल्यांचं. ३५ टीडीएस म्हंजे पाणी फारच खरवडून काढलंय, वाईट नाही पण बेचव लागायला लागतं. त्याहून मोठी गोष्ट, आरओतनं निघालेल्या पाण्यात क्लोरीन अजिबात नसतो. मग ते वरच्या टाकीत उभं राहतं, नळीतनं कॅनमध्ये येतं, आणि ती कॅन तुम्ही कधी धुतली? आत हात जात नाही म्हणून हिरवट बुळबुळीत झालेल्या कॅनी मी खूप बघितल्यात. आठवड्यातनं एकदा मूठभर जाड मीठ आणि थोडं पाणी घालून कॅन जोरात हलवा, धुवा, मग ब्लीचिंगच्या पातळ निवळानं खळबळून परत धुवा. प्लांट चालवणाऱ्याला विचारा मेम्ब्रेन कधी बदललं, टाकी कधी धुतली, शेवटचा लॅब रिपोर्ट कुठाय. दर महिन्याला त्याच मीटरनं बघा, ३५ चे १५०, मग ३०० झाले तर मेम्ब्रेन गेलंय, ह्या कामाला तुमचा मीटर उत्तम. आणि मशीनमधनं बाहेर पडणारं खारं पाणी जवळच्या जुन्या विहिरीत किंवा बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात सोडत असतील तर थांबवा, तेच फिरून परत तुमच्या बोअरला येणार.

प्रश्न: गावच्या पाण्याचा रिपोर्ट मिळाला पण सगळा कन्नडमध्ये. आमच्या पिढीला वाचता येत नाही, पीडीओ (पंचायतीचे विकास अधिकारी) म्हणतात तोंडी सांगतो चांगलं आहे. (बेळगाव तालुका)

उत्तर: तोंडी घेऊ नका, मोबाईलवर फोटो काढून घ्या. आकडे तर सगळीकडं सारखेच, त्याला भाषा लागत नाही. गडसुतन म्हंजे जडपणा, २०० पर्यंत बरा आणि ६०० च्या वर नको. कब्बिण म्हंजे लोखंड. फ्लोरैड आणि नैट्रेट तुम्हाला ओळखू येतीलच. शेवटी शेरा असतो, कुडियलु योग्य म्हंजे पिण्यालायक. शब्द लांबला आणि शेवटी अल्ल किंवा इल्ल ऐकू आलं, योग्यवल्ल, योग्यवागिल्ल, तर पिण्यालायक नाही. एवढा एक शब्द शाळेतल्या पोराकडनं वाचून घ्या, पोरं कन्नड शिकतातच की. जंतूंच्या रकान्यात ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये सापडताच कामा नये, एक सुद्धा.

प्रश्न: निपाणी भागातनं लिहितोय. नदीचं पाणी टाकीत घेऊन नळाला सोडतात, एक दिवसाआड तासभर यायलंय. पहिली दहा मिनिटं घाण वास, नंतर बरं. खालच्या गल्लीत गेल्या वर्षी कावीळ आणि जुलाब, वरच्या गल्लीत काही नाही. वॉटरमन म्हणतोय मी क्लोरीन घालतोय, टाकीजवळ वास पण येतोय. माझ्या बहिणीला महाराष्ट्रात कागल तालुक्यात दिलंय, तिकडं ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड लागलंय म्हणती. आमच्याकडं काय नाही.

उत्तर: वॉटरमन खरं बोलत असेल. टाकीत क्लोरीन आहे आणि तुमच्या गल्लीत तो पोचत नाही, एवढंच.

पाणी बंद असतं तेव्हा पाईप रिकामा होतो, त्यात पोकळी धरते. पाईप गटारीतनं गेलेला आणि कुठं सांधा सुटलेला असला की गटारीचं पाणी आत ओढलं जातं, पुढच्या वेळी पाणी सोडलं की ते पहिलं तुमच्या नळाला. तुमची पहिली दहा मिनिटं ती. त्यात लोकांनी नळाला टुल्लू मोटर लावली की विचारूच नका, मोटर पाईपमधलं पाणी ओढतेच, त्याबरोबर फटीतली घाण पण ओढते, आणि हे करणारा बहुतेक वरच्या गल्लीतला असतो, भोगणारा खालच्या.

शोधायचं कसं? किटमधली क्लोरीनची टेस्ट आणि एक कागद घ्या. पाणी सुटलं की दहा मिनिटांनी टाकीखालच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक चौथ्या-पाचव्या घरी आकडा घ्या, कागदावर गल्ली काढून त्यावर लिहा. शेवटच्या नळाला पण लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ०.८, ०.७, ०.६ असा उतरत गेला तर ठीक आहे, अंतरानं कमी होतोच. पण ०.६ नंतर पुढच्या घरी एकदम शून्य आला तर त्या दोन घरांच्या मध्ये खणा. एका गावात, नाव सांगत नाही, आम्ही असं करत करत एका मोरीखाली पोचलो. खणल्यावर निघाला फुटलेला पाईप, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळून वरनं सुतळी बांधलेली, आणि वर गटार. किती वर्षं तसाच होता कुणास ठाऊक. ज्यानं बांधला त्यानं तात्पुरता म्हणूनच बांधला असणार.

तोवर घरात पहिली दहा मिनिटं धुण्याभांड्याला आणि झाडांना, मग पिण्याचं भरा. वेदगंगा, दूधगंगा पावसात लाल होऊन येते तेव्हा गढूळ पाण्यात नुसता क्लोरीन टाकून भागत नाही, माती तो क्लोरीन खाऊन टाकते. तुरटी फिरवून तासभर निवळू द्या, वरचं गाळून घ्या, मगच क्लोरीनची गोळी टाका. किती लिटरला किती ते पाकिटावर असतं, अर्धा तास थांबा. गोळी नसेल तर उकळा, मोठे बुडबुडे फुटेपर्यंत, कडेला वाफ दिसली म्हंजे उकळलं नव्हे. तुमच्याकडं कावीळ झालीय तर हे गावभर करायला पाहिजे, एकट्यानं नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या विहिरी पाण्याखाली गेल्या त्यांनी पूर ओसरल्यावर गाळ काढून, उपसून, भरपूर क्लोरीन टाकून परत उपसल्याशिवाय प्यायला घेऊ नये, हे तेव्हा पण सांगितलेलं, ऐकलं निम्म्यांनी.

कार्डाचं म्हणाल तर महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता, पावडरीचा साठा, गळती असलं बघून पंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. कार्ड असो नसो, बहिणीकडनं त्यात काय काय तपासतात ते विचारून घ्या आणि तीच यादी तुमच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, एकेका मुद्द्याला पीडीओंचं उत्तर मागा. जलजीवन मिशन, आपल्याकडं मने मनेगे गंगे म्हणतात ते, त्यात माणशी रोज ५५ लिटर नुसतं द्यायचं नाही तर ते पिण्यालायक असलं पाहिजे असंच आहे.

प्रश्न: सूनबाईनं आरओ बसवायचं काढलंय, आम्ही तर तांब्याच्या कळशीतलं पितोय. तांब्यात जंतू मरतात हे खरं का खोटं? (येळ्ळूरकडची एक आजी)

उत्तर: आजी, बऱ्यापैकी खरं. घासून लखलखीत केलेल्या तांब्यात पाणी रात्रभर, १२ ते १६ तास राहिलं की जुलाबाचे बरेच जंतू मरतात. पण सकाळी भरलं आणि दुपारी पिलं तर काही उपयोग नाही, आणि आतनं हिरवी पुटं धरलेली कळशी तर नकोच. लिंबू-सरबत, ताक त्यात ठेवू नका. सूनबाईला सांगा आधी पाणी तपासून घे, क्षार नसतील तर आरओचे हजारो रुपये कशाला. आणि तुम्ही हंडीत तांब्या बुडवता ना, सगळ्यांची बोटं पाण्यात? तिथं लांब दांड्याचं वगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या. टाकीत शुद्ध असलेलं पाणी शेवटी त्या बोटांनी नासतं.

प्रश्न: पाण्याचा नमुना बेळगावच्या लॅबला न्यायचा आहे. बाटली कसली, किती पाणी?

उत्तर: शेवटी हा घेतो, कारण इथंच सगळे चुकतात. क्षाराच्या तपासणीला दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची कॅन, त्याच पाण्यानं तीनदा खळबळून, गच्च भरून. जंतूंच्या तपासणीला तुमची बाटली चालत नाही. लॅबमधनं निर्जंतुक बाटली आधी आणायची, तिच्यात तळाला थोडं औषध असतं, क्लोरीन मारायला, ते घाण आहे समजून धुवून टाकू नका. बोअर असेल तर पाच मिनिटं पाणी सोडून द्या, नळाची तोटी पुसून काडीनं किंवा लायटरनं तापवा, परत थोडं पाणी जाऊ द्या, मग बाटली भरा, वर बोटभर जागा ठेवा. झाकण खाली ठेवायचं नाही, हातात धरायचं, तोंड खाली करून. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा, २४ तासाच्या पुढं गेला तर तो नमुना नव्हे. वर गाव, स्रोत, तारीख, वेळ लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं पण जागेचं नाव वाचता येईल असं. एकानं मला कोकम सरबताच्या बाटलीत नमुना आणून दिलेला, पाणी गुलाबी, वर विचारतो साहेब ह्यात काय निघालं. आणि शनिवारी दुपारच्या बसनं निघू नका, पोचेपर्यंत लॅबला कुलूप आणि तुमची बाटली सोमवारपर्यंत पिशवीत.